मालखान्यापासून प्रयोगशाळेपर्यंत

कळमेश्वर ठाण्यापासून नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेचा रस्ता जेमतेम तासाभराचा. रक्ताचे डाग पडलेला कपडा पंचांसमोर कागदात गुंडाळायचा, दोरा आवळून लाखेचं सील ठोकायचं, लेबलावर सह्या घ्यायच्या, मालखान्यात नोंद करायची आणि शिपायाबरोबर मुद्देमाल रवाना करायचा. हा रिवाज जुना आहे. मुंबईत रासायनिक विश्लेषकाचं कार्यालय १८७० मध्ये आलं. तेव्हा मुख्य काम विषप्रयोगाच्या खटल्यांचं होतं.

डीएनए आला तो मात्र निरपराधाला सोडवत. इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या दोन खुनांच्या तपासात अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या चाचणीने आधी एका तरुणाला निर्दोष ठरवलं, आणि त्याने तर पोलिसांपुढे कबुलीही दिली होती! खरा गुन्हेगार १९८८ मध्ये शिक्षा भोगायला गेला.

नागपूरच्या प्रयोगशाळेचं कामही कसोटीला उतरलेलं आहे. चिमूरला लग्न झालेल्या एका दांपत्याच्या पोटगीच्या वादात तिने दिलेला पितृत्वाचा अहवाल हैदराबादच्या फेरतपासणीतही कायम राहिला आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला.

घात होतो तो प्रयोगशाळेच्या दाराअलीकडे. ठाणे जिल्ह्यात २०१० साली एका चिमुरडीचा अत्याचारानंतर खून झाला. आरोपीला सत्र न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती कायम केली. मुख्य भिस्त डीएनएवर होती. सर्वोच्च न्यायालयाने कागद उलगडले तेव्हा नमुने नेमके कोणी घेतले, हे स्पष्ट होईना. ते पाठवायला लागलेल्या उशिराचा खुलासा नव्हता. अशा नमुन्यांत भेसळ झाली नसेल, असं कोण छातीठोकपणे सांगणार? डीएनए हे तज्ज्ञाचं मत आहे, त्याचं वजन प्रत्येक खटल्यात वेगळं, असं म्हणत १९ मे २०२३ रोजी न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडलं. बारा वर्षांहून अधिक काळ गेला होता. त्या मुलीला न्याय मिळाला नाही, तो नाहीच.

जुलै २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या खटल्यात त्याच न्यायालयाने देशभरासाठी नियम घातले: नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे आणि तो कोणाच्या हातून कोणाकडे गेला याची नोंदवही निकालापर्यंत ठेवली पाहिजे. कळमेश्वरला ही मुदत पाळणं अवघड नाही. भामरागडसारख्या दूरच्या ठाण्यांना मात्र शासनाने आधी गाडी, शीतपेटी आणि शिकवलेला माणूस द्यावा.