देवगडच्या बावड्या आणि आपल्या नाल्या

पावसाचे पाणी गावातून कोठे जाते, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत सहसा विचारला जात नाही. लढाया आणि तहांच्या तारखा तेवढ्या आपण पाठ करतो. तथापि पांढुर्णा-सौंसरचा हा मुलूख ज्या देवगडच्या गोंड राज्यात मोडत होता, त्या राज्याचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही.

देवगडचा किल्ला छिंदवाड्याच्या नैऋत्येस, मोहखेडच्या बाजूला डोंगरावर आहे. या राजधानीत आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. आकडा लोककथेचा आहे, तो तंतोतंत मानण्याचे कारण नाही. परंतु किल्ल्यावरील मोतीटाका आजही पाहावयास मिळते आणि अलीकडच्या काळात रोजगार हमीच्या कामांतून परिसरातील कित्येक बावड्यांचा गाळ उपसला गेला. म्हणजे कथेच्या मुळाशी वस्तुस्थिती आहे. उतारावर पाणी थांबत नाही. पाऊस चार महिन्यांचा, तहान मात्र बारा महिन्यांची. तेव्हा एका मोठ्या जलाशयावर विसंबून न राहता जागोजागी पाणी अडविण्याची ही रीत होती.

याच घराण्यातील बख्त बुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविले. त्याच्यामागून आलेल्या चांद सुलतानाने तेथे राजधानी नेली, शहराला तट घातला आणि जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, बांधविला. पुढे भोसल्यांच्या काळात सक्करदरा, सोनेगाव अशा तळ्यांची त्यात भर पडली. पिण्यास पाणी मिळे हा या तळ्यांचा उघड उपयोग. पावसाचा लोंढा ती काही काळ धरून ठेवीत, हा न दिसणारा उपयोग. वस्ती वाढली तशी नाईक तलाव, लेंडी तलाव आक्रसत गेले. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाऊस असामान्य होता हे खरे. पण त्याला थांबावयास वाटेत जागाही उरली नव्हती.

आपल्या गावांची गोष्ट याहून निराळी नाही. जुन्या घरांच्या पागोळ्या अंगणात पडत, अंगण मातीचे असे, परसात आड असे. आता छत सिमेंटचे, अंगण फरशीचे, गल्ली काँक्रीटची. छतावरचे पाणी पाइपातून नालीत, नालीतून थेट जाम नदीकडे. शंभर चौरस मीटरच्या छतावर वर्षाला हजार मिलिमीटर पाऊस धरला, तर एक लाख लिटर पाणी होते. ते आपण श्रावणात वाहून जाऊ देतो आणि वैशाखात टँकरची वाट पाहतो.

कायदा नाही असेही नाही. मध्य प्रदेशात 26 ऑगस्ट 2006 च्या अधिसूचनेने 140 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील इमारतींना छतावरील पाणी जिरविण्याची सोय बंधनकारक झाली. शासकीय सेवेत असताना बांधकामाचे नकाशे माझ्या मेजावरून जात. कोपऱ्यात शोषखड्ड्याचा चौकोन काढलेला असे. तो पाहून मी सही करी. तो खड्डा प्रत्यक्ष खोदला गेला की नाही, हे पाहण्यास मी एकदाही गेलो नाही. या चुकीत माझा वाटा आहे, हे येथे नोंदविणे मला आवश्यक वाटते.

खड्डाही समजून खोदावा लागतो. आपली काळी माती भिजली की फुगते आणि पाणी आत घेईनाशी होते; म्हणून तिच्या खालच्या मुरमापर्यंत जावे लागते. पहिल्या पावसाचे घाण पाणी बाहेर सोडावे, खड्डा संडासाच्या टाकीपासून दूर असावा आणि जादा पाण्याला नालीची वाट ठेवावी. ढगफुटी अशा खड्ड्यांनी रोखली जाणार नाही. परंतु घरोघरी थोडे थोडे पाणी थबकले, तर नालीतील लोंढ्याचा जोर ओसरतो आणि विहिरीची पातळी टिकते. चीनने 2015 पासून निवडक शहरांत ‘स्पंज शहर’ या नावाने जे आरंभिले, त्याचे तत्त्व याहून फार वेगळे नाही.

2023 साली पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. आता कचेऱ्या उभ्या राहतील, नव्या वसाहती होतील. त्यांच्या नकाशांवरही तो चौकोन असेलच. त्यावर सही करणाऱ्याने एकदा जागेवर जाऊन खड्डा डोळ्यांनी पाहावा आणि मगच लेखणी उचलावी, एवढीच माझी विनंती आहे.