गर्भाशयाच्या कर्करोगाचे वर्गीकरण : रंजनापासून जनुकापर्यंत

गर्भाशयाच्या अस्तरात उद्भवणाऱ्या कर्करोगाचे प्रकार दीर्घकाळ एकाच रंगजोडीच्या आधारे ठरवले गेले. लॉगवुड या मध्य अमेरिकेतील झाडाच्या गाभ्यापासून मिळणारे हिमॅटॉक्सिलिन पेशींची केंद्रके निळी-जांभळी करते, तर कृत्रिम इओसिन उरलेला भाग गुलाबी करते. १८७६ च्या सुमारास ही जोडी प्रचारात आली आणि ऊतीच्या पातळ छेदात ग्रंथींची रचना व केंद्रकांचे स्वरूप पाहून विकृतिशास्त्रज्ञ निदान करू लागले. १९८३ मध्ये लेनिनग्राडच्या यान बोख्मान यांनी या रोगाचे दोन प्रकार मांडले : पहिला लठ्ठपणा व इस्ट्रोजेनच्या आधिक्याशी निगडित आणि बहुधा सौम्य, दुसरा त्याच्याशी संबंध नसलेला व आक्रमक. ही मांडणी उपयुक्त असली, तरी अनेक गाठी दोहोंपैकी कशातच नीट बसत नसत आणि विशेषतः उच्च श्रेणीच्या गाठींबाबत तज्ज्ञांचेच एकमत होत नसे.

दरम्यान रंजनाची दुसरी परंपरा घडत होती. १९४१ मध्ये अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूला, चमकणारा रंग जोडला. १९६६ मध्ये रंगाची जागा विकराने घेतल्यावर हवे ते प्रथिन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी दिसू लागले.

२०१३ मध्ये ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ या अमेरिकी प्रकल्पाने ३७३ गाठींच्या जनुकीय विश्लेषणातून चार गट दाखवले : ‘पोल’ जनुकातील बिघाडामुळे अतोनात उत्परिवर्तने असलेला, डीएनए-दुरुस्तीची यंत्रणा निकामी झालेला, गुणसूत्रांत फारशी उलथापालथ नसलेला आणि ती मोठ्या प्रमाणावर झालेला. ‘पोल’ गटातील कित्येक गाठी दिसायला उग्र असूनही त्यांच्या रुग्णांचे भवितव्य उत्तम असते, हे कळल्यावर रूपावरून स्वभाव ठरवण्याच्या पद्धतीची मर्यादा उघड झाली.

तथापि प्रत्येक रुग्णाचा संपूर्ण जीनोम वाचणे रुग्णालयांच्या आवाक्याबाहेरचे असल्याने, व्हँकूव्हर येथील संशोधकांसह इतरांनी हे गट बहुतांशी प्रतिपिंड-रंजनानेच ओळखण्याची रीत बसवली. ‘पी-५३’ प्रथिनाच्या रंजनात केंद्रके कमी-अधिक तपकिरी दिसली तर ते प्राकृत, पण झाडून सारी गडद झाली किंवा शेजारच्या निरोगी पेशी रंगूनही गाठ कोरीच राहिली तर बिघाड समजला जातो आणि गाठ गुणसूत्रांत मोठी उलथापालथ झालेल्या गटात धरली जाते. दुरुस्ती-प्रथिनांचा लोपही असाच दिसतो आणि केवळ ‘पोल’साठी जनुकाचा क्रम वाचावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये हे गट वर्गीकरणात घेतले, तर स्त्रीरोगतज्ज्ञांच्या ‘फिगो’ या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०२३ मध्ये त्यांना रोगाच्या टप्प्यांशी जोडले. जनुकांनी जुने गट मोडले खरे, परंतु नवे गट रोजच्या निदानात रुळले ते मेणात जपलेल्या त्याच ऊतीच्या रंजनामुळे.