दोन बॅटऱ्या, एक इंजिन: वारीतला पिकअप आणि रेल्वेचा डायनामो

ज्यांना ऑफिसात इअरफोन लावायची सोय नाही त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित अवतार. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.

सुरुवात मामांच्या पिकअपपासून करतो. मोहोळ तालुक्यातल्या एका दिंडीचं सामान ही गाडी आषाढीला वाहून नेते. भांडी, तंबूचे बांबू, पिण्याच्या पाण्याचे ड्रम, आणि आता माइक, अँप्लिफायर, एलईडी ट्यूब आणि पन्नास-साठ मोबाइल. हो, मोबाइल. वारीत चार्जिंगची रांग पाण्याच्या रांगेपेक्षा लांब असते, हे ज्यानं पाहिलंय त्याला माहीत आहे. म्हणून मामांनी एक जादा बॅटरी बसवून घेतली होती. बसवणाऱ्यानं काय केलं? दोन बॅटऱ्यांचे प्लस एकमेकांना जोडले, मायनस एकमेकांना जोडले, झालं काम.

दोन वर्षांपूर्वी वेळापूरच्या मुक्कामी पहाटे साडेतीनला मामांनी चावी फिरवली. टक. परत फिरवली. टक. स्वयंपाकाची गाडी पालखीच्या आधी निघाली नाही तर पुढे रस्त्यावर मुंगी शिरायला जागा नसते. म्हणजे दुपारी शंभरेक माणसं, त्यात निम्म्या साठी ओलांडलेल्या आज्या, पंगतीसाठी ताटकळणार. पंधरा-वीस जणांनी चिखलातून धक्का मारला तेव्हा गाडी सुरू झाली. मामांनी मला फोन केला. म्हणाले, "इंजिनिअर ना बे तू? मग सांग की, दोन बॅटऱ्या असून गाडी बंद कशी पडती?"

मामा, मी सॉफ्टवेअरचा इंजिनिअर आहे, हे वाक्य मी ओठांवर आणून गिळलं.

उत्तर तसं सोपं होतं. थेट जोडलेल्या दोन बॅटऱ्या म्हणजे एकच मोठी बॅटरी. रात्री भजनाला माइकनं ती प्यायली, मोबाइलनं ती प्यायली, आणि पहाटे स्टार्टरसाठी काही उरलं नाही. मोबाइल आणि पॉवर बँक वेगळे असतात म्हणून पॉवर बँक संपली तरी फोन जिवंत राहतो. इथं तो वेगळेपणाच नव्हता. पण हे शोधता शोधता मी भलतीकडेच पोचलो. चाकावर फिरणाऱ्या वस्तूत दोन बॅटऱ्या कशा भरायच्या, हा प्रश्न मोटारीच्याही आधी रेल्वेला पडला होता.

सोलापूरला रेल्वे आली १८६० साली, जीआयपीची. त्या काळी डब्यात उजेड म्हणजे तेलाचा दिवा. टपाला भोक, त्यातून वरूनच दिवा खाली सोडायचा. पुढे काही देशांत गॅस आला. डब्याखाली गॅसच्या टाक्या आणि वर लाकडी डबा. अपघात झाला की काय होणार ते सांगायला नको. २२ मे १९१५ ला स्कॉटलंडमध्ये क्विंटिन्सहिलजवळ गाड्या धडकल्या. सैनिकांनी भरलेल्या गाडीचे डबे गॅसच्या दिव्यांचे होते. दोनशेहून जास्त माणसं गेली, आणि आग गॅसनं भडकली. म्हणजे डब्यातला विजेचा दिवा हा नुसता चैनीचा प्रश्न नव्हता.

विजेचा पहिला प्रयोग ऑक्टोबर १८८१ चा, लंडन-ब्रायटन मार्गावरच्या एका पुलमन डब्यात. त्यात फॉर नावाच्या फ्रेंच माणसाच्या पद्धतीच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या होत्या. त्या जमिनीवर भरायच्या आणि डब्यात चढवायच्या. आपण घरून पॉवर बँक फुल करून निघतो, तसंच. एका डब्यापुरतं ठीक, पण शेकडो डब्यांच्या बॅटऱ्या रोज उतरवून चढवणार कोण?

मग १८९० च्या दशकात लंडनच्या डेप्टफर्डमधल्या जे. स्टोन कंपनीची पद्धत आली. डब्याखाली एक डायनामो टांगायचा आणि चाकाच्या कण्यावरून पट्ट्यानं तो फिरवायचा. गाडी धावली की वीज. ऐकायला सोपं आहे, पण प्रत्येक पायरीवर एक अडचण बसलेली.

पहिली, गाडीचा वेग कमी-जास्त होतो, मग व्होल्टेजही होणार. यावर त्यांनी काय केलं ते मला फार आवडतं. डायनामो एका बाजूनं लोंबकळता टांगला. वेग वाढला, पट्ट्याची ओढ ठरावीक मर्यादेपलीकडे गेली, की डायनामो कण्याकडे झुकतो, पट्टा सैल होतो आणि घसरायला लागतो. डायनामोचा वेग तिथंच अडतो. ना सेन्सर, ना चिप. पट्टा घसरणं हा बग असतो, त्यांनी त्याचं फीचर केलं.

दुसरी, गाडी स्टेशनात थांबली की डायनामोही थांबला. आता बॅटरीतून उलटी वीज डायनामोत जाईल आणि बॅटरी रिकामी होईल. म्हणून डायनामोच्या दांड्यावर फिरणारी वजनं बसवली. पुरेसा वेग आला की ती बाहेर फेकली जातात आणि खटका जोडतात, वेग उतरला की खटका सुटतो.

तिसरी, गाडीची दिशा. मनमाडहून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन दौंडला काढून दुसऱ्या टोकाला लावायचे, आठवतंय ना? डबे उलटे धावायला लागले की डायनामो उलटा फिरतो, आणि प्लसचा मायनस होतो. त्यासाठी जोडणी आपोआप फिरवणारी यंत्रणा लागली.

आणि चौथी अडचण, जिच्यासाठी दोन बॅटऱ्या आल्या. लेड-ॲसिडच्या एका सेलचं व्होल्टेज साधारण २. बारा सेल म्हणजे २४ व्होल्ट, दिवेही २४ चे. पण तीच बॅटरी भरताना सेलमागे अडीचच्या वर जावं लागतं. म्हणजे ३० व्होल्ट. दिवे त्याच तारेवर असले तर फटाफट उडणार. मग बॅटरीचे दोन संच ठेवायचे. एक डायनामोपाशी भरत असतो, दुसरा दिव्यांपाशी, आणि पाळ्या बदलत राहायच्या.

इथं एक कबुली. मला सुरुवातीला वाटलं होतं की रेल्वेच्या दोन बॅटऱ्या आणि मामांच्या दोन बॅटऱ्या हे एकच प्रकरण आहे. तसं नाही. रेल्वेला दिवे वाचवायचे होते, मामांना स्टार्टर. वाफेच्या इंजिनाला डब्यातल्या बॅटरीशी काही देणंघेणं नव्हतं. ही भानगड झाली १९१२ साली, जेव्हा चार्ल्स केटरिंगनं कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर दिला आणि दिवे व स्टार्टर एकाच बॅटरीच्या गळ्यात पडले. गंमत म्हणजे त्या बॅटरीचेही चार भाग होते. गाडी सुरू करताना एकापुढे एक जोडून २४ व्होल्ट, भरताना आणि दिव्यांना शेजारी-शेजारी जोडून ६ व्होल्ट.

भारतात डब्यांना विजेचे दिवे सरसकट लावायला पहिली सुरुवात केली जोधपूर रेल्वेनं, १९०२ साली. आणि डायनामोची ती कल्पना पुढे इतकी टिकली की आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ती पाहिलीय, फक्त लक्षात आलं नाही. सिद्धेश्वर एक्सप्रेसच्या जुन्या निळ्या डब्यात गाडी सिग्नलला फार वेळ उभी राहिली की पंखे मंदावायचे, दिवे पिवळट व्हायचे. आजी म्हणायची, "इंजिन दमलं." इंजिन नाही, डब्याखालची बॅटरी दमायची. प्रत्येक डब्याचा स्वतःचा अल्टरनेटर, स्वतःची ११० व्होल्टची बॅटरी. बिगर-एसी डब्याला साडेचार किलोवॉटचा, एसी डब्याला २५ किलोवॉटचा. एखादा डबा पूर्ण मेला तर शेजारच्या डब्याकडून वीज उसनी घेता यावी म्हणून टोकाला जोडणीची सोयही होती. शेजाऱ्याकडे साखर मागतो तसं. पण ती जोडणी कायमची ठेवत नसत, नाहीतर एकाबरोबर दोघं अंधारात. फेब्रुवारी २०२३ पासून सोलापूर-मुंबई वंदे भारत धावते, तिला वीज वरच्या तारेतूनच मिळते. बॅटरी तिथं अडीअडचणीपुरती.

तर मामांची गाडी. त्या फिरत्या वजनांच्या खटक्याचा पणतू आज बाजारात मिळतो, व्होल्टेज पाहून चालणारा रिले. इंजिन सुरू झालं, व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेलं, की तो दोन बॅटऱ्या जोडतो. इंजिन बंद होऊन १२.८ च्या आसपास उतरलं की तोडतो. त्याआधी लोक डायोड लावायचे. पण डायोड स्वतःच अर्धा-पाऊण व्होल्ट खातो आणि दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. बोटींवर हाताने फिरवायचा गोल खटका असतो: एक, दोन, दोन्ही, बंद. इंजिन चालू असताना तो चुकून 'बंद'वर गेला तर अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात.

रिलेपेक्षा जास्त डोकं वायरनं खाल्लं. आधी बारीक, अडीच चौरस मिलिमीटरची होती. चार मीटर जायला, चार यायला. वीस अँपिअरला त्यातच १.१ व्होल्ट गळतो. अल्टरनेटर १४.२ देतोय आणि मागच्या बॅटरीला पोचतात १३.१. अशी अर्धपोटी राहिलेली बॅटरी वर्षभरात निकामी होते. जाड केबल घातली, दोन्ही टोकांना फ्यूज घातले. मामांची गाडी जुनी आहे म्हणून एवढ्यावर भागलं. नव्या बीएस-६ गाड्यांत बऱ्याचदा अल्टरनेटर इंधन वाचवायला मधूनच व्होल्टेज खाली आणतो, तेव्हा रिले गोंधळतो. तिथं, आणि लिथियम बॅटरी असेल तरीही, डीसी-डीसी चार्जर लागतो. तो महाग पडतो, पण दुसरा उपाय नाही.

गेल्या आषाढीला पुन्हा वेळापूर. पहाटे साडेतीनला फोन वाजला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

"सुरू झाली गाडी," मामा म्हणाले. "एका चावीत."

"मग झालं की मामा."

"काय झालं की? रात्री अकराला माइक बंद पडला. मागची बॅटरी झोपली आणि पुढची द्यायला तयार न्हाई. बुवा तसंच मोठ्यानं गात बसले, घसा बसलाय त्यांचा. आता ह्याचं काय करायचं ते सांग."

यंदा मागची बॅटरी मोठी घेतोय, आणि मोबाइलच्या चार्जिंगला रात्री नऊनंतर बंदी. दुसरी गोष्ट दिंडीला पटवायची जबाबदारी मामांची. भेटू पुढच्या भागात.