पत्र्याच्या घडणक्षमतेची कसोटी
ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या पातळ पत्र्याच्या न फाटता आकार घेण्याच्या गुणाला घडणक्षमता म्हणतात. ती मोजण्याची सोपी रीत विसाव्या शतकाच्या आरंभी नॉर्वेजियन अभियंता एरिक्सन यांनी रूढ केली. तीत कडा आवळलेल्या पत्र्यात 20 मिलिमीटर व्यासाचा गोलाकार दट्ट्या हळूहळू रेटतात आणि फुगवट्यावर आरपार चीर पडताच वाटीची खोली मिलिमीटरमध्ये नोंदवतात. मात्र हा एकच आकडा निरनिराळ्या दिशांच्या ताणांतील भेद दाखवत नसल्याने, 1960च्या दशकात अमेरिकेत कीलर व गुडविन यांच्या कामातून घडण-मर्यादेचा आलेख आकारास आला. त्यासाठी पत्र्यावर आधी वर्तुळांची जाळी उमटवून, दाबानंतर त्यांची झालेली लंबवर्तुळे मोजली जात. पोलादासाठी आखलेली ही पद्धत पुढे मोटारींच्या हलक्या ॲल्युमिनियम पत्र्यांनाही लागू झाली.