चाळिशीत बालपणाची चौकशी

प्रौढपणी ऑटिझमची तपासणी करायला गेलं की बालपणाचे प्रश्न हमखास येतात. बोलायला कधी लागलात? एकटेच खेळायचात का? याचं मूळ इतिहासात आहे. १९४३ साली लिओ कॅनर यांनी ११ मुलांवर निबंध लिहिला आणि ऑटिझम ही मुलांचीच गोष्ट ठरली. १९८०च्या अमेरिकी निदान-पुस्तिकेत तर नावच ‘शिशु-ऑटिझम’ होतं. पुढच्याच वर्षी लोर्ना विंग यांनी मांडलेल्या उदाहरणांत मात्र प्रौढही होते. २०१३च्या पुस्तिकेनं मान्य केलं, की लक्षणं लहानपणापासून असली तरी शिकून घेतलेल्या सवयींमागे झाकली जाऊ शकतात. म्हणजे ‘इतकी वर्षं चाललंच ना!’ हा पुरावा नव्हे. ते चालवताना किती दमछाक झाली, हेही विचारायला हवं.