राजकाजातील एकांत

नेमणुकीच्या गावी चार मराठी माणसे जमली म्हणजे बदली, बढती आणि घरभाडे हे विषय निघतातच. त्यांच्या पाठोपाठ आणखी एक तक्रार निघते : कचेरीच्या व्यापात ईश्वरचिंतनाला घटकाभराचीही सवड उरत नाही. आम्हीही ती अनेकदा केली आहे. म्हणूनच चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका रोमन अधिकाऱ्याने हीच तक्रार केल्याचे वाचले, तेव्हा आम्हांला नवल वाटले. हा अधिकारी म्हणजे पुढे पोप झालेला पहिला ग्रेगरी.

ख्रिस्ती धर्मात एकांतातील प्रार्थनेची परंपरा थेट येशूपर्यंत पोचते. कफर्णहूम गावी सायंकाळी रोग्यांची रीघ लागली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे, अंधार असतानाच, येशू उठून निर्जन स्थळी प्रार्थनेस गेला, असे मार्काच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. शिष्य शोधीत तेथेही आलेच. पुढे मिसर देशात अँटनीसारखे साधक एकांतासाठी वाळवंटात जाऊन राहिले. परंतु ज्याला वाळवंटात जाणे शक्य नाही, त्याने काय करावे? ग्रेगरीच्या चरित्राला महत्त्व येते ते या प्रश्नामुळे.

त्याचा जन्म 540 च्या सुमारास रोममधील एका श्रीमंत सरदार घराण्यात झाला. 573 च्या सुमारास तो शहराचा मुख्य कारभारी होता. त्यानंतर लवकरच त्याने ते वैभव सोडले, सीलियन टेकडीवरील वडिलोपार्जित वाड्याचा मठ केला आणि स्वतः तेथे साधा संन्यासी म्हणून राहिला. ही वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत सुखाची होती, असे त्याला अखेरपर्यंत वाटत असे.

हे सुख फार टिकले नाही. 579 मध्ये पोपने त्याला कॉन्स्टँटिनोपलला पाठविले. पेशव्यांचा वकील दिल्लीदरबारी राहत असे, तसाच हा पोपचा वकील. लोंबार्ड टोळ्यांविरुद्ध बादशहाकडून मदत मिळवावयाची, हे त्याचे मुख्य काम. परका मुलूख, परकी ग्रीक भाषा, आणि दरबाराचे ताटकळणे! तेथे सुमारे सहा वर्षे गेली आणि पुरेशी मदत काही मिळाली नाही. पण ग्रेगरीने जाताना आपल्या मठातील काही बंधू बरोबर नेले होते. त्यांच्या आग्रहावरून तो ईयोबाच्या ग्रंथावर निरूपण करू लागला. त्यातूनच त्याचे 35 भागांचे भाष्य पुढे तयार झाले. दरबारातून परतल्यावर बंधूंच्या सहवासात बसणे म्हणजे वादळात नांगराचा दोर हाती लागणे, अशा अर्थाचे उद्गार त्याने स्वतःच काढले आहेत.

590 मध्ये रोममध्ये महामारी पसरली. तीत पोप मृत्यू पावला आणि ग्रेगरीला ते पद स्वीकारावे लागले. मग धान्याचा पुरवठा, सिसिलीतील जमिनींचे हिशेब, कैद्यांच्या सुटकेचे पैसे, लोंबार्डांशी वाटाघाटी, सारेच अंगावर आले. त्याची साडेआठशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत, आणि त्यांतील पुष्कळशी निव्वळ कारभाराची आहेत. बाहेरून आपण वर चढलो, पण आतून खाली आलो, असे त्याने बादशहाच्या बहिणीला कळविले.

तरीही तो तक्रारीवर थांबला नाही. धर्मगुरूंसाठी लिहिलेल्या ग्रंथात त्याने मोशेचे उदाहरण दिले : मोशे वारंवार मंडपात जाई आणि पुन्हा बाहेर येई; आत ईश्वरचिंतन, बाहेर लोकांची गाऱ्हाणी. लौकिक व्यवहारात वावरणाऱ्याचे मन रोज थोडे झिजते, म्हणून रोजच धर्मवचनांचे मनन करावे, असे त्याचे सांगणे आहे.

595 मध्ये दरबारी वैद्य थिओडोर यास लिहिलेले त्याचे पत्र तर आम्हां नोकरदारांनी जरूर लक्षात ठेवावे. त्याचा आशय असा : तुम्ही कोठे परगावी असताना बादशहाचे पत्र आले, तर ते समजून घेतल्याशिवाय तुम्ही झोपणार नाही, मग स्वर्गाच्या बादशहाने पाठविलेले पत्र तुम्ही न वाचता कसे ठेवता? हे वाचताना आम्ही क्षणभर थबकलो. तातडीचा शेरा असलेला कागद आम्ही कधी उद्यावर टाकलेला नाही. उद्यावर टाकले ते प्रत्येक वेळी दुसरेच काही.

पोप झाल्यावर ग्रेगरीला मठातले ते आयुष्य परत मिळाले नाही. प्रकृती ढासळत गेली, अखेरच्या वर्षांत संधिवाताने त्याला अंथरुणास खिळविले, आणि 604 मध्ये तो निवर्तला. सवड मिळण्याची वाट पाहत तो बसला असता, तर ईयोबावरील ते भाष्य लिहिलेच गेले नसते. परमुलखात, कारभाराच्या मधोमध, चार बंधूंच्या संगतीने त्याने ती सवड काढली. आमची धर्मपरंपरा निराळी असेल; पण कचेरीचा व्याप तोच आहे. आता निवृत्तीनंतर पाहू, असे म्हणताना आम्हांला पूर्वीइतके निश्चिंत वाटत नाही.