दंतपूरण

किडीमुळे, झिजेमुळे किंवा आघातामुळे दातात पडलेली पोकळी साफ करून ती योग्य द्रव्याने भरण्याच्या आणि दाताचा आकार व चावण्याची क्षमता पूर्ववत करण्याच्या क्रियेला दंतपूरण म्हणतात. दाताचे बाह्य कवच असलेले दंतवल्क म्हणजे इनॅमल हे वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजमय व शरीरातील सर्वांत कठीण ऊतक आहे. मात्र ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नाहीशा होत असल्याने, किडीचा आरंभीचा पांढरा डाग फ्लोराइडाच्या साहाय्याने मागे हटू शकला, तरी एकदा पडलेला खड्डा हाडाप्रमाणे आपोआप भरून येत नाही.

‘चांदी’ या नावाने परिचित असलेले पारदमेल हे चांदी, कथील व तांबे यांच्या चूर्णात जवळजवळ समभार पारा घोटून तयार होते. ताजे असताना ते मऊ असते आणि पोकळीत दाबून बसवल्यावर नवी धातुसंयुगे बनून घट्ट होते. ते स्वस्त व टिकाऊ असले, तरी दाताला चिकटत नाही, त्यामुळे ते निसटू नये म्हणून पोकळी तळाशी रुंद व तोंडाशी अरुंद कोरावी लागते. अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या मिश्रणाचे प्रमाण आणि पोकळीचे आकार शास्त्रशुद्ध रीतीने ठरवले; पुढे कीड पसरू नये म्हणून लगतच्या निरोगी खाचाही कोरण्याचा त्यांचा दंडक अनेक दशके पाळला गेला, आणि त्यापायी पुष्कळ निकोप दातांचा ऱ्हास झाला, ही या पद्धतीची मोठी उणीव होय.

ही अडचण दूर होण्याचा मार्ग १९५५ मध्ये मायकेल ब्युनोकोर यांनी दाखवला. फॉस्फोरिक आम्लाने दंतवल्काचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत केला, तर त्यात शिरलेली राळ घट्ट धरून राहते, असे त्यांना आढळले. त्यानंतर राफेल बोवेन यांनी राळेत सिलिकेचे चूर्ण मिसळून संमिश्र म्हणजे कॉम्पोझिट विकसित केले. हे दाताच्या रंगाचे द्रव्य निळ्या प्रकाशाने कठीण होते आणि त्यासाठी केवळ किडलेला भाग काढला तरी पुरते. तथापि घट्ट होताना ते किंचित आकसते, म्हणून साधारण २ मिलिमीटरच्या थरांनी भरावे लागते. शिवाय लाळेचा ओलावा लागल्यास चिकटपणा बिघडतो आणि कडेच्या फटीतून पुन्हा कीड शिरते.

पाऱ्याच्या प्रदूषणाला आळा घालण्यासाठी २०१३ च्या मिनामाता कराराने पारदमेलाचा वापर क्रमाने घटवण्याचे ठरवले, आणि युरोपीय संघात वैद्यकीय निकडीचे अपवाद वगळता तो १ जानेवारी २०२५ पासून बंद झाला.

पारदमेलाला संमिश्राखेरीज असलेला दुसरा पर्याय, म्हणजे इंग्लंडमध्ये विल्सन व केंट यांनी शोधलेले ग्लास आयोनोमर सिमेंट, दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडते व फ्लोराइड सोडत राहते. १९८० च्या दशकात टांझानियात, वीज व यंत्र नसलेल्या ठिकाणी, हाताच्या अवजारांनी कीड खरवडून दात भरण्याची पद्धत रुजली. पुढे तिच्यासाठी हेच सिमेंट रूढ झाले. दाताच्या एकाच पृष्ठावरील पोकळीत ते चांगले टिकते. दोन दातांमध्ये पसरलेल्या मोठ्या पोकळीत मात्र चावण्याच्या दाबाखाली लवकर तुटते.